विमानाच्या मालकाने कुणाचे ऐकावे?

अमेरिकेत छोटे विमान बाळगणारा माणूस म्हणजे कुणी धनकुबेर असणार, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. तिथल्या लहान विमानतळांवर उभी असलेली बहुतेक खासगी विमाने एका पिस्टन इंजिनाची, दोन-चार आसनांची आणि चांगली जुनी असतात. चाळीस-पन्नास वर्षे वय त्यांच्यात कुणाला जास्त वाटत नाही. सेस्ना १७२ हे त्यांतले सर्वांत ओळखीचे नाव. १९५६ पासून या एका मॉडेलची ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. अशी जुनी विमाने शिक्षक घेतात, शेतकरी घेतात, छोटे व्यावसायिक घेतात. त्यांना विमान परवडते ते जुने असल्यामुळे, आणि जुने असल्यामुळेच त्यांना सतत कुणाला तरी विचारावे लागते: हे बदलू का, अजून वर्षभर चालेल का, हा आवाज कसला? अमेरिकी हवाई नियमावलीच्या ९१.४०३ या कलमाने विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची मुख्य जबाबदारी मालकावर टाकली आहे. मेकॅनिक स्वतः केलेल्या कामाखाली सही करतो आणि त्यापुरता उत्तरदायी राहतो; विमानाच्या एकूण प्रकृतीचा धनी मालक. ज्याला त्या यंत्रातले सर्वांत कमी कळते, शेवटचा निर्णय त्याच्याच माथी आहे.

सल्ल्याची वाण मात्र त्याला अजिबात नसते. विमान बनवणारी कंपनी, इंजिन बनवणारी कंपनी, फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे एफएए, गावातला मेकॅनिक, मालकांच्या संघटना, स्वतंत्र सल्लागार, तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सगळेच काही ना काही सांगत असतात, आणि पुष्कळदा परस्परविरोधी सांगतात. यांतला विश्वासू कोण, असा प्रश्न सहसा माणसांच्या पात्रतेभोवती फिरतो: कुणाकडे कोणता परवाना, कुणाचा किती वर्षांचा अनुभव. मला हा रोख चुकीचा वाटतो. यांतले बहुतेक जण पात्रही असतात आणि प्रामाणिकही. त्यांच्या सल्ल्यात फरक पडतो तो चुकीची किंमत कुणी मोजायची, यावरून. एखादे काम करायचे राहून गेले आणि इंजिन हवेत बंद पडले, तर सल्ला देणाऱ्यावर खटला होतो, परवाना जातो, नाव जाते. नको असलेले काम करून घेतले, तर बिल मालकाच्या नावे फाटते आणि सल्ला देणारा ‘सावधगिरी बाळगली’ म्हणून वर शाबासकीही घेतो. कमी केल्याची शिक्षा आहे, जास्त केल्याची नाही. त्यामुळे सगळ्या व्यवस्थेचा कल जास्त करण्याकडे झुकतो, आणि मालकाला हा कल ओळखूनच प्रत्येक सल्ला वाचावा लागतो.

उत्पादकापासून सुरुवात करू, कारण यंत्र त्यानेच घडवले आणि त्याच्याइतके ते कुणाला माहीत नाही. पण उत्पादक केवळ अभियंता नसतो, तो संभाव्य प्रतिवादीही असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील नुकसानभरपाईच्या दाव्यांनी छोट्या विमानांचा उद्योग इतका जेरीस आला की सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनांची विमाने बनवणेच थांबवले. १९९४ मध्ये काँग्रेसने कायदा करून १८ वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकांवरील दायित्वाला मर्यादा घातली, आणि त्यानंतर सेस्नाने पुन्हा उत्पादन सुरू केले. तरीही नव्याने बसवलेल्या भागासाठी ही १८ वर्षे नव्याने मोजली जातात. अशा परिस्थितीत कंपनीचा वकील आणि कंपनीचा अभियंता एकाच कागदावर काम करतात. त्यातून निघणारी सर्व्हिस बुलेटिन्स खोटी नसतात, पण ती कुठल्याही एका विमानासाठी लिहिलेली नसतात. त्या मॉडेलच्या सर्वांत हलगर्जी मालकाचे, सर्वांत दमट हवेत सडलेले विमान डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिलेली असतात. शिवाय त्यांतल्या बऱ्याच बुलेटिनांच्या माथ्यावर ‘बंधनकारक’ असा ठळक शिक्का असतो. खासगी मालकाच्या बाबतीत त्या शिक्क्याला कायद्याचे बळ नाही. बंधनकारक असतो तो एफएएने काढलेला एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह, आणि विमानाच्या मंजूर कागदपत्रांतील ‘उड्डाणयोग्यतेच्या मर्यादा’ या प्रकरणातल्या गोष्टी. सिरस विमानातील पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलावे लागते ते या दुसऱ्या कारणाने, आणि तिथे वाटाघाटीला जागा नाही.

बुलेटिन आणि डिरेक्टिव्ह या दोन कागदांतले अंतर किती असू शकते हे पाहायचे तर चालू इंजिनाचा पंखा जमिनीवर आपटल्याचे उदाहरण घ्यावे. इंजिने बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचे बुलेटिन अशा वेळी इंजिन पूर्ण उघडून तपासायला सांगते. एफएएचा २००४ चा आदेश त्याच इंजिनासाठी क्रँकशाफ्टच्या मागील गिअरचा बोल्ट आणि त्याच्या जोडाची तपासणी एवढेच सक्तीचे करतो. दोहोंच्या खर्चात काही पटींचा फरक आहे. इथे माझे मत उत्पादकाच्या बाजूने पडते, कारण पंख्याला बसलेला धक्का आत कुठवर गेला हे बाहेरून कळत नाही आणि हे काम बहुधा विम्यातून होते. पण ते मत कारण पाहून बनते, शिक्का पाहून नाही. याच्या उलट सेस्नाच्या जुन्या विमानांसाठी २०११ च्या सुमारास निघालेल्या पूरक तपासण्यांचे दस्तऐवज पाहा. अमेरिकेतील खासगी मालकाला ते ऐच्छिक राहिले. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने तेच कागद बंधनकारक ठरवले. विमान तेच, धातू तोच, गंज तोच. सीमा ओलांडली की ‘सल्ला’ ‘हुकूम’ होतो, यावरून त्या शब्दांवर किती भिस्त ठेवायची हे लक्षात यावे.

मालकाच्या खिशाला सर्वांत जास्त भिडणारा सल्ला म्हणजे ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याचा. लायकमिंग आपल्या अनेक चार-सिलिंडरी इंजिनांसाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी येईल ते, अशी मुदत सुचवते. खासगी मालक वर्षाला शंभर तासही क्वचितच उडतो, म्हणजे बारा वर्षांत फार तर बाराशे तास. कॅलेंडर नेहमी तासांच्या आधी गाठते. जुन्या सेस्नाच्या मालकाला ओव्हरहॉलचा खर्च विमानाच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास किंवा पुढे जाणारा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ही मुदत खासगी उड्डाणासाठी केवळ शिफारस आहे, तरी विकणारा, घेणारा, विमा देणारा आणि मेकॅनिक सगळे तिला कालबाह्यतेची तारीख मानतात. बारा वर्षांच्या आकड्यामागे काहीच तथ्य नाही असेही नाही. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि उघड्या धातूवर गंजाचे ठिपके उमटतात. पण मग खरा प्रश्न इंजिन किती वर्षांचे आहे हा नसून ते किती दिवस न चालता उभे होते हा आहे. दर आठवड्याला उडणारे पंधरा वर्षांचे इंजिन आणि हँगरमध्ये धूळ खात पडलेले सहा वर्षांचे इंजिन यांना एकच कॅलेंडर लावणे सोयीचे आहे, शहाणपणाचे नाही.

‘जास्त केले तर बिघडले कुठे, पैसेच जातील ना,’ हा इथे नेहमीचा युक्तिवाद. त्याचे उत्तर विमान देखभालीच्या इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ पाणबुड्यांवर पाळत ठेवणाऱ्या लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासत होता. दर ५० तासांनी विमानांची ठरलेली तपासणी होई. खरे तर तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू वाढायला हवेत. नोंदी उलटे सांगत होत्या: अनपेक्षित बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत जास्त, आणि तास जातील तसे कमी. चांगल्या चाललेल्या यंत्रात हात घातल्यानेच काही बिघाड जन्माला येत होते. युद्धकाळातले हे काम पुस्तकरूपाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. प्रवासी विमानांच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग वयानुसार झिजून निकामी होतात, उरलेल्या ८९ टक्क्यांना ठराविक तासांनी बदलण्याचा काही फायदा नाही, आणि बहुसंख्य भागांत बिघाडाचा धोका नवे बसवल्यावरच सर्वांत जास्त असतो, असे त्यांनी दाखवले. डीसी-८ विमानात ठराविक मुदतीने ओव्हरहॉल करायचे ३३९ भाग होते. पुढच्या पिढीच्या डीसी-१० मध्ये ते सातवर आले. सुरक्षितता घटली नाही, वाढली. गंमत अशी की मोठ्या विमान कंपन्यांनी अर्धशतकापूर्वी सोडलेली विचारपद्धती छोट्या विमानांच्या हँगरमध्ये आजही शिरस्ता म्हणून नांदते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. विमान कंपनीकडे दोन-चार इंजिनांची शेकडो विमाने असतात; एक इंजिन थांबले तर दुसरे आहे, आणि आकडेवारी काढायला हजारो भाग आहेत. छोट्या मालकाकडे एकच विमान आणि त्यात एकुलते इंजिन. त्याने मोडेपर्यंत चालवावे काय? नाही, आणि नोलन-हीपही तसे म्हणत नाहीत. ज्या भागाच्या बिघाडाने जीव जाऊ शकतो, त्याची स्थिती वारंवार पाहा आणि स्थिती सांगेल तेव्हा हात घाला, असे ते सांगतात. दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे आणि तो मला अधिक खरा वाटतो. इंजिने नवी असताना जास्त निकामी होतात, असे अपघातांच्या नोंदींवरून सांगणारे हे विसरतात की जुनी इंजिने मुळात कमी आहेत, आणि त्यांतली वाईट आधीच उतरवली गेलेली असतात. उरली ती धट्टीकट्टी. म्हणून त्या नोंदींतून जुने इंजिन सुरक्षित ठरते असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. एवढे मात्र ठरते की नवे इंजिन म्हणजे निर्धास्त इंजिन नाही. मग वय हा पुरावा दोन्ही बाजूंनी लंगडा पडतो, आणि समोरच्या इंजिनाची समोर दिसणारी स्थिती हाच पुरावा उरतो.

स्थिती कशी वाचतात हे एका चाचणीच्या जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण सल्ल्यांचा गोंधळ तिथे अगदी उघडा पडतो. वार्षिक तपासणीत प्रत्येक सिलिंडरची कम्प्रेशन चाचणी होते. पिस्टन वरच्या टोकाला आणून धरायचा, स्पार्क प्लगच्या भोकातून ८० पौंड दाबाची हवा सोडायची, आणि आत किती दाब टिकतो ते दुसऱ्या काट्यावर वाचायचे. एकाने पंख्याचे पाते घट्ट धरायचे, कारण सुटले तर हात मोडेल. समजा आकडा आला ८० पैकी ५५. एफएएच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत ६० ही रेषा आहे, आणि त्याखाली आकडा सुधारत नसेल तर सिलिंडर काढायचा. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या इंजिन कंपनीने मात्र २००३ च्या आपल्या बुलेटिनमध्ये ठराविक छिद्राच्या मोजमाप-साधनाने खालची मर्यादा ठरवायला सांगितले, आणि ती बहुधा चाळिशीत येते. शिवाय केवळ या आकड्यावर विसंबू नका, बोरस्कोपचा कॅमेरा आत घालून पाहा, अशी जोड दिली. म्हणजे तोच ५५ एका कागदावर नापास आणि दुसऱ्यावर सहज पास. आणि आकड्याहून जास्त बोलका असतो तो गळणाऱ्या हवेचा आवाज. धुराड्याच्या नळीपाशी कान नेल्यावर फुस्स ऐकू आले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे, आणि हे गंभीर. तेल भरायच्या तोंडातून आले तर पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटते आहे, आणि हे पुष्कळदा निरुपद्रवी. दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून पुन्हा मोजले तर तोच आकडा दहाने वर जाऊ शकतो. बोरस्कोपमध्ये निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग मध्यबिंदूभोवती सारख्या वर्तुळांत दिसतात. जळू लागलेल्या व्हॉल्व्हची एक कड वेगळ्या रंगाची होते आणि वर्तुळाचा तोल जातो. हा फोटो मालकालाही समजतो. ‘५५ आले, सिलिंडर गेला’ हे वाक्य आणि ‘५५ आले, हवा धुराड्यातून येते आहे, आणि हा बघा व्हॉल्व्हचा फोटो’ हे वाक्य, दोन्ही एकच मेकॅनिक बोलू शकतो. दुसऱ्याला मी सल्ला म्हणेन.

सिलिंडर विनाकारण काढण्यात केवळ काही हजार डॉलर जात नाहीत. त्याला धरून ठेवणारे लांब बोल्ट इंजिनाच्या दोन अर्ध्या कवचांनाही एकत्र आवळतात, आणि त्याच आवळणीने क्रँकशाफ्टचे बेअरिंग जागेवर राहतात. सिलिंडर उतरवला की ती आवळणी ढिली होते. पुन्हा बसवताना दोन्ही बाजूंचे नट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळले गेले नाहीत तर बेअरिंग सरकू शकते, तेलाचे भोक झाकले जाते, आणि चाललेले इंजिन काही तासांत हवेत थांबते. कारखान्यात उलट-सुलट करता येणाऱ्या स्टँडवर होणारे हे काम हँगरमध्ये विमानाच्या नाकात, अडचणीत, वाकून करावे लागते. म्हणून ‘खबरदारी म्हणून काढून टाकू’ यात खबरदारी किती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

मेकॅनिकवर तोंडसुख घेणे सोपे आहे, आणि मालकांच्या गप्पांत ते भरपूर चालते. पण त्याच्या जागी उभे राहून पाहावे. वार्षिक तपासणीवर सही करण्याचा अधिकार असलेला मेकॅनिक पन्नास वर्षांच्या, अनेक हातांतून गेलेल्या, अर्धवट नोंदी असलेल्या विमानाला उड्डाणयोग्य म्हणतो. पुढे काही झाले तर पहिला फोन त्यालाच येतो. त्याने दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यायले तर नवल नाही. दोष माणसात कमी आणि रचनेत जास्त आहे: जो तपासतो तोच दुरुस्तीही करतो आणि तिचे पैसेही घेतो, डॉक्टरचीच पॅथॉलॉजी लॅब असावी तसे. नियमावलीने इथे एक वाट ठेवली आहे, पण ती फार थोड्या मालकांना ठाऊक असते. वार्षिक तपासणी ही तपासणी आहे. दुरुस्ती हा तिचा भाग नाही. विमान नापास ठरवले तर तपासणाऱ्याने दोषांची सही-तारखेची यादी मालकाला द्यायची, आणि तपासणी तिथे पूर्ण झाली. ते दोष दुसऱ्या कुणाही पात्र मेकॅनिककडून दूर करून घेता येतात. गरज पडल्यास एफएएकडून विशेष उड्डाण परवाना घेऊन विमान दुसरीकडे नेता येते. ही यादी वापरली न वापरली तरी ती मागण्याचा हक्क माहीत असला की संभाषणाचा सूर बदलतो. तपासणी सुरू होण्यापूर्वीच ‘आधी सगळे पाहा, मग लेखी यादी आणि अंदाजपत्रक द्या, माझ्या होकारापर्यंत पाना उचलू नका’ एवढे ठरवून घेतले तरी अर्धा तंटा मिटतो. सर्वांत महागात पडते ते निदानाविना भाग बदलणे. इंजिन अडखळते म्हणून आधी मॅग्नेटो, मग प्लग, मग कार्बुरेटर, आणि शेवटी कळते की इंधनाच्या नळीचा जोड सैल होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, वर प्रत्येक बंबाचे बिल वेगळे.

आता या सगळ्या मांडणीला छेद देणारे प्रकरण. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पायपर ॲरो विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर लगेच तुटून पडला; विद्यार्थी वैमानिक आणि परीक्षक दोघेही दगावले. विमान २००७ चे, म्हणजे या जगात तरुण, आणि नियमाने तपासलेले. तपासात पंखाच्या मुख्य तुळईच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी थकव्याने पडलेली भेग सापडली. तशी भेग त्या ताफ्यातल्या आणखी एका विमानातही निघाली. ही भेग कितीही चिकित्सक नजरेला दिसली नसती. ती बोल्ट काढून भोकात विद्युत्-प्रवाहाच्या चाचणीनेच सापडते. ‘स्थिती पाहा आणि ठरवा’ हे सूत्र इथे कामाचे नाही, कारण स्थिती दिसतच नाही आणि तुटताना पूर्वसूचना नाही. जिथे झीज नजरेआड आहे आणि बिघाड एका फटक्यात जीव घेणारा आहे, तिथे तासांची मर्यादा घालणारा हुकूमच योग्य. पंखाची तुळई, पॅराशूटचे रॉकेट, काही प्रमाणात मॅग्नेटोचे अंतरंग आणि रबरी नळ्या या वर्गात मोडतात. पण त्या प्रकरणात एफएएने २०२० च्या अखेरीस काढलेला आदेश वाचण्यासारखा आहे. सरसकट सगळ्या विमानांना एकच आकडा न लावता त्याने हिशेब मांडला: दर शंभर तासांच्या तपासणीखाली, म्हणजे बहुधा प्रशिक्षणात, घालवलेले तास पूर्ण मोजायचे आणि उरलेल्या खासगी तासांना १७ ने भागायचे. असे ५,००० तास भरले की तपासणी सक्तीची. दिवसभर धाडकन उतरणारे प्रशिक्षण विमान आणि रविवारी उडणारे घरचे विमान यांच्या धातूवर सारखा ताण येत नाही, हे सरकारी हुकमातही मान्य झाले.

एफएएचा हुकूम उत्पादकाच्या बुलेटिनपेक्षा मला अधिक विश्वासाचा वाटतो तो सरकारी आहे म्हणून नाही. त्यात धोका काय, किती विमानांना लागू, खर्चाचा अंदाज किती, आणि लोकांच्या हरकतींना उत्तर काय, हे छापून द्यावे लागते. बुलेटिनमध्ये यातले फारसे काही नसते. ही प्रक्रिया निर्दोष नाही. ईसीआय कंपनीने कॉन्टिनेंटलच्या मोठ्या इंजिनांसाठी बनवलेल्या सिलिंडरांची डोकी तडकत असल्यावरून एफएएने २०१३ मध्ये हजारो सिलिंडर मुदतीआधी काढण्याचा प्रस्ताव मांडला. मालकांच्या संघटनांनी आकडे मांडून विरोध केला: तडकलेल्यांचे प्रमाण थोडे, आणि एवढे सिलिंडर हँगरमध्ये काढून बसवण्यात वर सांगितलेलाच धोका मोठा. तीन वर्षे वाद चालला. २०१६ मध्ये निघालेल्या अंतिम आदेशात टप्पे पाडले गेले. कोण बरोबर होते यावर अजूनही मतभेद आहेत. पण वाद उघड्यावर झाला आणि आज कुणीही दोन्ही बाजूंचे कागद काढून वाचू शकतो.

एकाच मॉडेलच्या मालकांची अमेरिकन बोनान्झा सोसायटीसारखी संघटना, किंवा विमानमालकांची देशव्यापी संघटना एओपीए, यांचा उपयोग याच कारणासाठी. गावातला मेकॅनिक वर्षात दोन बोनान्झा पाहत असेल. संघटनेच्या तंत्रज्ञाने शेकडो पाहिलेल्या असतात आणि लँडिंग गिअरचा कोणता भाग कुठे झिजतो हे तो झोपेतही सांगेल, आणि दुरुस्तीचे पैसे त्याच्या खिशात जात नाहीत. माइक बुश यांच्यासारखे स्वतंत्र सल्लागार याच पोकळीत उभे राहिले. २००८ मध्ये एफएएने त्यांना देशातील सर्वोत्तम विमान तंत्रज्ञ म्हणून गौरवले होते. कमी हात घाला, स्थितीवर ठरवा, या विचाराचा छोट्या विमानांच्या मालकांत प्रसार त्यांच्या लेखांनी आणि पुस्तकांनी केला. त्यांच्यावरचा आक्षेप असा की तेही सल्ला विकतात, आणि मालकाला आवडेल असाच विकतात: खर्च टाळा. आक्षेप रास्त आहे. खर्च वाचवणारा सल्ला कानाला गोड लागतो, म्हणून तोही त्याच कसोटीवर घासून घ्यावा. सिलिंडर राहू द्या म्हणणाऱ्याने फोटो दाखवला का? पुन्हा किती तासांनी पाहायचे ते सांगितले का? काय दिसले की मत बदलेन हे सांगितले का? या तीन प्रश्नांना उत्तर देणारा ‘काढा’ म्हणो की ‘ठेवा’ म्हणो, ऐकण्याजोगा.

राहिला मूळ प्रश्न: सामान्य मालकाला हे सगळे तोलता येईल का? इंजिन उघडणे त्याला जमणार नाही, पण पुरावा जमवणे जमते. नियमावलीच परवानाधारक वैमानिक-मालकाला तेल बदलणे, प्लग साफ करणे, बॅटरी सांभाळणे अशी किरकोळ देखभाल स्वतः करून सही करू देते. दर तेलबदलाला जुना फिल्टर कापून, त्यातला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला की धातूचे कण चमकतात. चुंबकाला चिकटले तर लोखंड, म्हणजे कदाचित कॅमशाफ्ट. तेलाचा नमुना फोर्ट वेनच्या ब्लॅकस्टोनसारख्या प्रयोगशाळेत गेला की लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमचे प्रमाण आकड्यांत मिळते. एका अहवालाला फारसा अर्थ नसतो; दहा अहवालांची रांग बोलू लागते. सिलिंडरांचे तापमान नोंदवणारा मॉनिटर असेल तर प्रत्येक उड्डाणाची नोंद आपोआप साठते. या कागदांना निर्णय घेता येत नाही, पण ते हातात असलेल्या मालकाला कुणीही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्यावर वाटेला लावू शकत नाही. कॅनडाने दुसरे टोक गाठून पाहिले आहे: तिथे साध्या जुन्या विमानांसाठी मालकानेच देखभाल करून मालकानेच सही करायचा वर्ग आहे. सल्लागारच नको, हा त्याचा अर्थ. पण त्या वर्गात गेलेले विमान आपले मूळ प्रमाणपत्र गमावते, परत येणे अवघड, आणि शेजारच्या अमेरिकेत त्याला उडू दिले जात नाही. दुसऱ्या जाणत्या डोळ्याची सही काढून टाकल्याने अडचण सुटत नाही. अडचण त्या डोळ्याच्या अलिप्ततेची आहे.

आणि ही अलिप्तता छोट्या गावात दुर्मिळ आहे. विमानतळावर एकच मेकॅनिक, तोच वयाने साठीकडे झुकलेला, त्याच्याशी वितुष्ट परवडत नाही. दोषांची यादी मागून विमान शंभर मैलांवर नेणारा मालक पुढच्या वर्षी दारात येतो तेव्हा त्याचे स्वागत कसे होईल हे सांगायला नको. बोरस्कोपच्या कॅमेऱ्याने एवढे केले आहे की विमान न हलवता पुरावा हलवता येतो: त्याच मेकॅनिकने काढलेले व्हॉल्व्हचे फोटो, फिल्टरचे फोटो, मॉनिटरची नोंद दुसऱ्या जाणकाराकडे जाते आणि त्याचे मत त्याच दिवशी परत येते. काही मेकॅनिकांना हा अविश्वास वाटतो. काहींना मात्र ते सोयीचे वाटू लागले आहे, कारण ‘हा सिलिंडर राहू द्यायला हरकत नाही, ५० तासांनी पुन्हा पाहू’ असे लॉगबुकात लिहिताना त्या ओळीखाली आता त्यांची एकट्याची मान अडकलेली नसते.